पाहुणा उतरतो कुठे

जर्मनीत कोलोन शहराजवळ ब्र्यूल नावाचे गाव आहे. तेथे लिग्नाइट कोळसा काढून संपलेल्या खाणीच्या जागेवर 1967 साली 'फँटाझियालँड' ही करमणुकीची मोठी बाग सुरू झाली आणि 2003 साली तिला लागूनच 'लिंग बाओ' हे चिनी धाटणीचे आलिशान हॉटेल उभे राहिले. वळणदार छपरे, आतल्या चौकात पाणी आणि झाडे, जेवणघरात पूर्वेकडचे पदार्थ, असा त्याचा थाट आहे. जर्मनीत चीन कशाला, हा प्रश्न मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. सजावट कुठूनही आणता येते. अशा बागांशेजारी हॉटेल का बांधतात, हे पाहिले पाहिजे, आणि त्याचे उत्तर अमेरिकेत सापडते. कॅलिफोर्नियातले डिस्नेलँड 1955 साली उघडले, तेव्हा त्याच्याभोवती इतरांच्या मोटेलांची रांग लागली. पाहुणा दिवस बागेत घालवी आणि रात्रीचे पैसे शेजाऱ्याला देई. हे वॉल्ट डिस्नेच्या मनाला लागले. फ्लोरिडात त्याने वेगवेगळ्या नावांच्या कंपन्यांमार्फत गाजावाजा न करता सुमारे 27,000 एकर जमीन गोळा केली. 1971 मध्ये त्याच्या कंपनीने तेथील बाग उघडली ती स्वतःच्या हॉटेलांसकट, आणि त्यांतले एक पॉलिनेशियन बेटांच्या धाटणीचे होते. आपल्याकडे खोपोलीजवळचे इमॅजिका 2013 मध्ये सुरू झाले आणि दोन वर्षांत तेथेही लागून हॉटेल आले. छपराची धाटणी चिनी असो की पॉलिनेशियन, व्यवहार एकच असतो. पाहुण्याने कुंपणाच्या आत यावे, आतच जेवावे, आतच झोपावे आणि आतूनच परत जावे.

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर असे कुंपण घालायचे बेत गेली तीस वर्षे चालू आहेत. मालवण तालुक्यातल्या तोंडवळी-वायंगणीला समुद्रजीवनावरचा 'सी वर्ल्ड' प्रकल्प व्हायचा होता. वेंगुर्ला तालुक्यात शिरोड्याच्या वेळागरला पंचतारांकित हॉटेल व्हायचे होते. पहिला अजून कागदावरच आहे आणि दुसऱ्याची कथा 1990 च्या दशकातल्या भूसंपादनापासून लांबत आली आहे. याच तीस वर्षांत तारकर्ली, देवबाग, वायरी, मालवण या पट्ट्यात मात्र घराघरात पाहुण्यांसाठी खोल्या निघाल्या आणि एक नवा धंदा उभा राहिला. विकास अडला असे पहिल्या गोष्टीवरून म्हटले जाते आणि दुसरी गोष्ट 'किरकोळ' म्हणून सोडून दिली जाते. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. या किनाऱ्यावर पर्यटन म्हणून जे टिकले ते इथल्या जमिनीच्या, समुद्राच्या आणि पाहुणचाराच्या जुन्या घडणीत बसणारे होते म्हणून टिकले, आणि जे अडले ते त्या घडणीला मोडून आत येऊ पाहत होते म्हणून अडले. ही घडण समजण्यासाठी थोडे मागे जायला हवे.

परक्यासाठी बांधलेली जागा या किनाऱ्याला नवी नाही. सतराव्या शतकात डचांनी वेंगुर्ल्याला वखार घातली. गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला आणि गलबतांना शिधापाणी पुरवायला ती सोयीची होती. तिच्या भिंती आजही उभ्या आहेत. पुढे एकोणिसाव्या शतकात वेंगुर्ले इंग्रजांकडे आले आणि बेळगावच्या छावणीचे बंदर बनले. गोरे अधिकारी बोटीने उतरत, सरकारी बंगल्यात मुक्काम करत आणि घाट चढून वर जात. 1869 मध्ये आंबोली घाटाचा रस्ता झाल्यावर ही वर्दळ वाढली आणि आंबोली थंड हवेचे ठिकाण म्हणून नावारूपाला आली. मग 1888 मध्ये मुरगाव बंदराला रेल्वे जोडली गेली, घाटावरचा माल तिकडे वळला आणि वेंगुर्ल्याची रया गेली. वखार आणि बंगला ही दोन्ही वरून येणाऱ्या, पुढे जाणाऱ्या माणसांसाठी होती. गावाचा त्यांच्याशी संबंध हमालीचा, मासळी-कोंबडी पुरवण्याचा आणि सलामाचा. वाट बदलली तशी ती ओस पडली. प्रवाशांवर उभा राहिलेला, पण गावात मूळ न धरलेला धंदा किती लवकर सुकतो, याचे हे पहिले उदाहरण जिल्ह्याच्या इतिहासातच आहे.

मालवणची गोष्ट वेगळी. मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या आगबोटी रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत. बोट खोल पाण्यात उभी राही आणि माणसे पडावातून किनाऱ्याला लागत. पावसाळ्यात हे सगळे बंद. पण त्या बोटीतून उतरणारा माणूस पर्यटक नव्हता, तो चाकरमानी होता. गिरणीतून, गोदीतून, एखाद्या पेढीतून सुटी काढून तो शिमग्याला, मे महिन्यात, लग्नकार्याला स्वतःच्या घरी येत होता. त्यामुळे इथे लॉज निघाले नाहीत, घराच्या पडव्या मोठ्या झाल्या. मुंबईहून एका वेळी तीन-चार कुटुंबे उतरली की बाजल्यावर म्हातारी माणसे, पडवीत पुरुष, माजघरात बायका-मुले आणि खळ्यात चटया, अशी व्यवस्था आपोआप लागे. खळे म्हणजे शेणाने सारवलेले अंगण; त्यावर माटव घातला की लग्नाची पंगतही तिथेच बसे. या घरांना एका वेळी वीस माणसांचे रांधायची सवय होती. देवळांचीही अशीच सोय असे. जत्रांमागून जत्रा करत फिरणारे दशावतारी नट आपला पेटारा घेऊन येत, देवळात उतरत आणि गाव त्यांच्या जेवणाचे पाही. कुणकेश्वरासारख्या मोठ्या स्थानी यात्रेकरू धर्मशाळेत राहत. मुक्काम ही विकायची वस्तू आहे, हे इथे कुणाच्या डोक्यातच नव्हते. पण पाहुण्याला सामावून घ्यायची जागा, भांडी, हात आणि रीत हे सारे तयार होते.

1981 मध्ये रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला आणि 1997 मध्ये त्याला पर्यटन जिल्हा म्हणून घोषित केले गेले. घोषणेने फारसे काही झाले नसते. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि कणकवली, कुडाळ, सावंतवाडी ही स्थानके मुंबईपासून एका रात्रीवर आली, हे खरे कारण. पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीच्या सुरूच्या बनात आधी तंबू आणि मग कोकणी धाटणीच्या झोपड्या बांधल्या. पुढे कर्ली नदीत केरळच्या पद्धतीच्या हाउसबोटीही आल्या, म्हणजे उसनी शैली इथेही होतीच आणि त्याने कुणाचे काही बिघडले नाही. महामंडळाच्या खोल्या मोजक्या होत्या. सुटीच्या दिवसांत त्या भरल्या की उरलेला पाहुणा शेजारच्या घराकडे वळे. डिस्नेच्या मनाला जे लागले तेच इथे घडले, आणि इथे ते गावाच्या पथ्यावर पडले. महामंडळाने 'न्याहारी व निवास' योजनेखाली अशा घरांची नोंदणी सुरू केली, हे त्याचे मोठे काम मी मानतो. कुंपण न घालणाऱ्या सरकारी मुक्कामाने आजूबाजूच्या घरांना गिऱ्हाईक दिले.

एका घराचा हिशेब जवळून पाहिला की हे कसे रुजले ते कळते. माडाच्या बागेत घर, मागे मांगर. मांगरात पूर्वी सुके गवत, जाळी, नारळ. तो पाडून किंवा सावरून दोन खोल्या काढायच्या, पलीकडे न्हाणीघर आणि सेप्टिक टँक, रस्त्याच्या कडेला 'राहण्याची व घरगुती जेवणाची सोय' असा पत्र्याचा बोर्ड. जमीन घरची, त्यामुळे भाडे नाही. मासळी सकाळी किनाऱ्यावरच्या लिलावातून, किंवा दीर-भावाच्या होडीतून. नारळ, कोकम, तांदळाचे पीठ घरचे. पाहुण्याने दिलेल्या पैशांतला मोठा भाग वाडीतच फिरतो: रिक्षावाल्याकडे, मासळीवालीकडे, डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या होडीकडे, घावणे करायला येणाऱ्या शेजारणीकडे. मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्यात माणसे नेणाऱ्या होड्याही स्थानिकांच्याच आहेत. आणि या धंद्याचे वेळापत्रक मासेमारीच्या वेळापत्रकावर बसते. जून-जुलैत मासेमारी बंद, समुद्र खवळलेला, जलक्रीडाही बंद; त्याच दिवसांत भाताची लावणी. कुणालाही आपले जुने काम सोडून नोकरीला जावे लागले नाही.

उलट जुन्या कामाची पडझडच या धंद्यामागे होती, हे विसरता येत नाही. रापण हे इथल्या किनाऱ्याचे मूळ मासेमारीचे साधन. लांबलचक जाळे होडीतून अर्धवर्तुळात सोडायचे आणि दोन्ही टोकांना माणसांनी उभे राहून किनाऱ्याकडे ओढायचे. मिळालेल्या मासळीचे वाटे होतात: जाळ्याचा, होडीचा, ओढणाऱ्या हातांचा. म्हणून पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, ही रापणकराची कामाची जागा आहे. ट्रॉलर आणि पर्ससीन जाळ्यांनी ही मासळी किनाऱ्यापर्यंत पोहोचणेच कमी झाले. 1981 चा सागरी मासेमारी नियमन कायदा आणि 2016 मधले पर्ससीनवरचे निर्बंध असूनही मालवणच्या समुद्रातला हा झगडा मिटलेला नाही. ज्या कुटुंबांचे वाटे घटले, त्यांतल्याच अनेकांनी खोल्या बांधल्या. म्हणजे हा धंदा संकटातून आला. पण तो ज्यांच्यावर संकट आले त्यांच्याच हातात राहिला.

आता तोंडवळी-वायंगणीकडे वळू. समुद्र आणि गड नदीची खाडी यांच्यामधली तळाशील-तोंडवळीची ही वाळूची पट्टी आणि तिच्या आतले गाव. सी वर्ल्डसाठी सुरुवातीला तेराशे एकरांहून अधिक जमिनीची आखणी झाली. विरोध वाढल्यावर ती काही शे एकरांवर आणली गेली, तरी तो शमला नाही. ब्र्यूलची बाग संपलेल्या खाणीवर झाली, हाँगकाँगचे डिस्नेलँड 2005 मध्ये समुद्रात भर टाकून केलेल्या जमिनीवर उघडले. मालवणात मात्र आखलेल्या जमिनीत घरे, आंब्या-काजूच्या बागा, भाताचे मळे आणि देवस्थाने होती. शिवाय कोकणातला सातबारा हे वेगळेच प्रकरण. एका गटावर पंचवीस-तीस नावे, त्यांतली निम्मी मुंबईत, काही हयात नसलेली. अशी सामायिक जमीन विकायला सगळ्यांची सही लागते, आणि एवढ्या सह्या होत नाहीत म्हणूनच हा किनारा अनेक ठिकाणी अखंड वाचला. आणखी एक गोष्ट या गावाबद्दल सांगायला हवी. आचरे, चिंदर आणि वायंगणी या भागात गावपळणीची प्रथा आहे. काही वर्षांनी ग्रामदेवतेचा कौल घेऊन सगळा गाव गुरे-ढोरे, कोंबड्यांसह वेशीबाहेर जातो, रानात झोपड्या घालून तीन दिवस-रात्री काढतो आणि पुन्हा कौल घेऊनच परततो. देवाच्या शब्दावर तीन दिवस घर मोकळे करणाऱ्या लोकांना कायमचे मोकळे करायला सांगितले, तेव्हा त्यांनी नकार दिला. हा नकार अडाणीपणाचा म्हणणाऱ्यांनी गावाचा स्वतःच्या जमिनीशी असलेला हा करार समजून घेतलेला नसतो.

वेळागरची तऱ्हा याहून खेदाची आहे. शिरोडे म्हणजे 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहाचे गाव, वि. स. खांडेकरांनी 1920 पासून अठरा वर्षे ज्या शाळेत शिकवले ते गाव. तेथली किनाऱ्याची जमीन 1990 च्या दशकात पर्यटनासाठी संपादित झाली आणि 2021 मध्ये सुमारे 54 हेक्टर जमिनीचा 90 वर्षांचा भाडेपट्टा ताज समूहाशी झाला. मधल्या दोन पिढ्यांना जमीन हातात नाही आणि हॉटेलही नाही, अशा अवस्थेत दिवस काढावे लागले. मोठ्या प्रकल्पाची खरी किंमत तो झाल्यावरच मोजायची असते असे नाही. तो होईपर्यंतही गाव ती मोजत असतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो रोजगाराचा, आणि तो हलका नाही. दोन-दोन खोल्यांच्या घरांनी जिल्ह्यातली पोरे मुंबई-गोव्याला जायची थांबली का? थांबली नाहीत. मोठ्या हॉटेलात शेकडो पगारी जागा असतात, भविष्यनिर्वाह निधी असतो, प्रशिक्षण असते, हे सर्व खरे. शेजारच्या गोव्याचे उदाहरण याच्याच समर्थनाला दिले जाते. मग गोवा पूर्ण पाहू. 1974 मध्ये आग्वादच्या किल्ल्याला लागून ताजचे रिसॉर्ट आले, 1987 पासून परदेशी चार्टर विमाने येऊ लागली आणि त्याच वर्षी 'जागृत गोंयकारांची फौज' पर्यटकांच्या स्वागताला शेण घेऊन उभी राहिली. त्यांचा राग पाहुण्यावर नव्हता. पाणी, किनारा आणि जमीन हातातून जात असल्याचा तो राग होता. आज गोव्यात नोकऱ्या आहेत, पण किनाऱ्यालगतच्या जमिनीचा भाव गोवेकराच्या आवाक्यात राहिलेला नाही. पगार महिन्याला मिळतो आणि नोकरी संपली की संपतो. घराच्या मागची दोन खोल्यांची मिळकत पुढच्या पिढीला मिळते. जिल्ह्याला दोन्ही हवे, हे मला मान्य आहे. पण पगारासाठी मिळकत देऊन टाका, असा सौदा असेल तर तो तोट्याचा आहे.

कोकणी माणूस कशालाही विरोध करतो, असेही म्हटले जाते. कोकण रेल्वे याच जिल्ह्याच्या बागांतून आणि शेतांतून गेली आणि तिच्या गाड्या आज चाकरमान्यांनी ओसंडून वाहतात, 2021 मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला. ज्या गोष्टीचे दार गावासाठीही उघडे आहे ती इथे स्वीकारली गेली. विरोध नेहमी बरोबरच होता असे मात्र मी म्हणणार नाही. 1987 मध्ये मालवणच्या समुद्रात सुमारे 29 चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य जाहीर झाले आणि मच्छीमारांनी त्याला कायम विरोध केला, कारण न विचारता नकाशावर रेघ ओढली गेली होती. आज त्याच पाण्यातले प्रवाळ पाहायला स्नॉर्केलिंगचे पाहुणे येतात आणि त्यावर मच्छीमारांचीच मुले कमावतात. विचारून, त्यांना वाटा देऊन ते संरक्षण केले असते, तर प्रवाळांचेही भले झाले असते.

सर्वांत जड आक्षेप तिसरा आहे, आणि तो घरगुती धंद्याच्या बाजूच्या माणसांनीच मोठ्याने मांडायला हवा. देवबाग ही नदी आणि समुद्र यांच्यामधली अरुंद पट्टी. तिच्या वाळूत घरागणिक सेप्टिक टँक आणि घरागणिक विहीर. दोन खोल्यांच्या जागी दोन मजले झाले, माड तोडून पार्किंग झाले, किनारा नियमन क्षेत्राच्या नोटिसा आल्या. मे 2022 मध्ये तारकर्लीत स्कूबाचे पर्यटक घेऊन परतणारी बोट उलटून दोघांचा जीव गेला. लहान असणे म्हणजे निर्दोष असणे नव्हे. पण यावरचा उपाय लहानांना हटवण्याचा नाही, त्यांना नियमात आणण्याचा आहे, आणि नियम तसा आहेही. 2019 च्या किनारा नियमन अधिसूचनेत स्थानिक रहिवाशांना, मच्छीमारांना, आपल्या राहत्या घराचा जोता, रचना आणि दर्शनी भाग न बदलता पाहुणे ठेवायची मुभा दिली आहे. मांगराच्या दोन खोल्यांपुरता धंदा ठेवला तर कायदा बाजूने आहे. वाडीसाठी सामायिक सांडपाणी शुद्धीकरण, होड्यांची दरवर्षी तपासणी, लाइफजॅकेटशिवाय पाणी नाही, हे ग्रामपंचायत, बंदर विभाग आणि व्यावसायिकांनी मिळून करायचे काम आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत 'स्वामिनी' बचत गटाच्या महिला वल्ही मारत पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. तेथे शिस्तही आहे आणि मालकीही त्यांचीच आहे.

आता पुढची परीक्षा जवळ आली आहे. जानेवारी 2024 मध्ये निवृत्त झालेली नौदलाची 'आयएनएस गुलदार' ही नौका निवतीजवळच्या समुद्रात तळाशी ठेवून पाण्याखालचे संग्रहालय करायचे सरकारने ठरवले आहे. समुद्राखालच्या या बागेला कुणाची जमीन लागत नाही, ही तिची मोठी जमेची बाजू. पण ती पाहायला येणारा माणूस कुठे उतरेल, हे आत्ताच ठरेल. निवती, भोगवे, परुळे, देवबाग इथल्या घरांची नोंदणी, कर्ज आणि सांडपाण्याची सोय आधी झाली, तर तो घरांत उतरेल. ती झाली नाही, तर कुणीतरी किनाऱ्यावर मोठी जागा मागेल आणि सोय नाही या कारणाने ती त्याला मिळेल. जिल्हा प्रशासनाने आणि ग्रामसभांनी हे काम या हंगामाआधी हाती घ्यावे. आणि मालवणला निघालेल्या वाचकाने खोली ठरवताना घर कुणाचे आहे, जोता जुना आहे की नवा, सांडपाणी कुठे जाते, हे तीन प्रश्न यजमानाला जरूर विचारावेत.